सायनस एकाच बाजूला आहे? मग ‘सायनस आहे’ हे उत्तर स्वीकारू नका



आज थोडे भांडायचे आहे. तुमच्याशी, माझ्या व्यवसायबंधूंशी आणि सगळ्यात आधी स्वतःशी.

काही वर्षांपूर्वी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावातून एक कापूस उत्पादक शेतकरी माझ्याकडे आला. वय पन्नाशीच्या पुढे. येताना पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. बसल्याबरोबर म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मले सायनस हाय.” निदान त्यानेच करून आणले होते. मी चिठ्ठ्या चाळल्या. वर्षभरात पाच वेळा अँटिबायोटिक, तीन वेळा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, वाफ, ड्रॉप्स. त्यातल्या दोन चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या होत्या.

मी पेन उचलले, तेवढ्यात तो म्हणाला, “वास मात्र डाव्याच बाजूनं येते जी. उजवं नाक मोकळं हाय.”

हे वाक्य त्याने आधीच्या दोन्ही भेटींतही सांगितले असणार. मी ऐकले नव्हते. त्या दिवशी ऐकले आणि टॉर्च नाकाऐवजी तोंडात टाकला. वरच्या डाव्या बाजूची दाढ खर्ऱ्याने काळी पडून अर्धी झडली होती. “दुखत नाही का?” “दोन साल झाले, आता नाही दुखत.” त्याचा सायनस नाकातून नव्हे, दाढेतून सडत होता. वर्षभर आम्ही सगळे डॉक्टर नाकावर गोळ्या झाडत होतो.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: ‘सायनस’ हे निदान नाही. आणि त्रास एकाच बाजूला असेल, तर कारण सापडेपर्यंत कोणीही स्वस्थ बसू नये. डॉक्टरने नाही आणि तुम्हीही नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ

सायनस हे आजाराचे नाव नसून शरीरातल्या जागेचे नाव आहे. गालाच्या हाडात, दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळात आणि नाकाच्या पार मागे हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या प्रत्येकाला आहेत. “मला सायनस आहे” म्हणणे म्हणजे “मला गुडघा आहे” म्हणण्यासारखे झाले.

या पोकळ्यांच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते पोकळीतला चिकट स्राव सतत एका ठरलेल्या दाराकडे ढकलत राहतात आणि तो नाकात उतरतो. हे दार बंद झाले, किंवा पोकळीत घाण येण्याचा दुसरा रस्ता तयार झाला, की आत पू साठतो. त्याला सायनसायटिस म्हणतात. पण हे झाले वर्णन. कारण अजून सांगितलेलेच नाही.

साधी सर्दी झाली की काही दिवस दोन्ही बाजूंचे नाक बंद होते, डोके जड होते. हे बहुतेक वेळा विषाणूमुळे असते आणि आपोआप बरे होते. मोठ्या माणसांच्या सर्दीत जिवाणूंचा सायनसायटिस होण्याचे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. म्हणजे बाकीच्यांना अँटिबायोटिकची गरजच नसते. त्रास दहा दिवसांच्या पुढे गेला, किंवा बरे वाटता वाटता पुन्हा ताप आणि दुखणे वाढले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. बारा आठवडे उलटूनही त्रास राहिला, तर त्याला दीर्घकालीन सायनसायटिस म्हणतात.

आणि नुसतेच डोके दुखत असेल, नाकातून काहीच येत नसेल, तर तो सायनस नसण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘माझे सायनसचे डोके दुखते’ असे सांगणाऱ्या जवळजवळ ३,००० लोकांची तपासणी झाली. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनची म्हणजे अर्धशिशीची निघाली. आपल्याकडे अशी किती माणसे वर्षानुवर्षे वाफ घेत बसली असतील, याचा विचार करा.

एका बाजूचा नियम

धूळ, परागकण, थंड हवा, अ‍ॅलर्जी, विषाणू यांना उजवे-डावे कळत नाही. ते दोन्ही नाकपुड्यांत सारखेच शिरतात. म्हणून अ‍ॅलर्जीचा त्रास सहसा दोन्ही बाजूंना असतो. एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद राहत असेल, एकीतूनच पू, वास, पाणी किंवा रक्त येत असेल, तर त्या बाजूला काहीतरी स्थानिक कारण असणार, असे धरून चालावे. ते नेहमी गंभीर असते असे नाही, पण शोधावे लागतेच.

ही कारणे पुस्तकात ‘असामान्य’ सदराखाली येतात. माझी तक्रार त्या शब्दावरही आहे. शोधलेच नाही तर कोणतेही कारण असामान्यच राहणार.

पहिले कारण: वरची दाढ

गालातल्या सायनसचा तळ आणि वरच्या दाढांची मुळे यांत हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. काही जणांत मुळे थेट पोकळीत डोकावतात. दाढ किडून मुळाशी पू झाला, हिरड्यांचा आजार खोल गेला, रूट कॅनाल अर्धवट राहिले किंवा त्यात भरलेला मसाला वर निसटला, की संसर्ग सरळ सायनसमध्ये उतरतो.

मग दाढ दुखत का नाही? कारण पूला वर मोकळी जागा मिळालेली असते. दाब कमी होतो, ठणका थांबतो. पेशंटला वाटते दाढ बरी झाली. प्रत्यक्षात घाण फक्त वरच्या मजल्यावर गेलेली असते.

हे काही नवे ज्ञान नाही. इंग्लंडमधले डॉक्टर नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ साली शरीररचनेवर ग्रंथ लिहिला, त्यात गालाच्या या पोकळीचे वर्णन आहे. तिथे त्यांनी एका बाईंची हकिगत दिली आहे. दात काढल्यावर तिच्या हिरडीतल्या खड्ड्यातून सारखा स्राव येई. तिने त्यात बारीक सळई, मग पिसाची काडी घालून पाहिली आणि ती खोलवर जाताना पाहून घाबरून गेली. तिथे मुळातच पोकळी असते, हे सांगून हायमोर यांनी तिची समजूत घातली. दात आणि सायनसचे नाते वैद्यकाला तेव्हापासून ठाऊक आहे. आणि आज आपण सीटी स्कॅन काढूनही त्यातली दाढ बघत नाही!

जुन्या पुस्तकांत गालाच्या सायनसायटिसपैकी १० ते १२ टक्के दातामुळे होतो असे लिहिलेले असते. पुढे सीटी स्कॅन आल्यावर लक्षात आले की त्रास एकाच बाजूचा असेल तर हे प्रमाण त्याहून बरेच मोठे आहे. विदर्भात तर पानटपरीवर खर्रा घोटून मिळतो आणि दाताचा डॉक्टर ‘दुखेल तेव्हा बघू’ या यादीत असतो. आपल्याकडे हे कारण सगळ्यात आधी तपासायला हवे.

दातामुळे झालेल्या सायनसची खूण लक्षात ठेवा: एकाच बाजूने येणारा घाणेरडा वास. बऱ्याचदा तो शेजारच्याला येत नाही, पेशंटलाच येतो. आणखी एक खूण: वरची दाढ काढल्यानंतर चूळ भरताना पाणी किंवा चहा नाकातून येणे. याचा अर्थ तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडले आहे. ते लहान असेल तर कधी आपोआप भरते. भरले नाही तर शस्त्रक्रियेने बंद करावे लागते. नुसत्या गोळ्यांनी भोक बुजत नाही.

माझ्या त्या शेतकऱ्याची दाढ काढली, सायनसचे दार दुर्बिणीतून मोकळे केले आणि आतला पू धुऊन काढला. वर्षभराचा वास काही आठवड्यांत गेला. त्याने मला एकदाही बोल लावला नाही. मला ते जास्त लागले.

दुसरे कारण: बुरशी, पण कोणती?

२०२१ च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोचला. कोविड, अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड या तिन्हींच्या संगतीत म्युकरमायकोसिसने देशभर थैमान घातले. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. त्या टंचाईच्या दिवसांत अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनचे उत्पादन आपल्याच वर्ध्यात जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने सुरू केले, हे तुम्हाला आठवत असेल.

म्युकर नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात आणि मेंदूकडे दिवसांच्या हिशेबाने सरकतो. रक्तवाहिन्या बंद पाडतो, म्हणून मांस काळे पडून मरते. मेलेल्या मांसात रक्तच जात नाही, मग औषध तिथे पोचणार कसे? म्हणून मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे, औषध आणि साखर आटोक्यात आणणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. कोविडची लाट ओसरली, पण मधुमेह ओसरलेला नाही. साखर वाढलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागले, टाळूवर काळा डाग आला किंवा वरचे दात अचानक हलू लागले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचा.

पण सगळी बुरशी म्युकर नसते, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘बुरशी’ शब्द रिपोर्टमध्ये दिसला की आता लोकांचे हातपाय गळतात. दोन प्रकार बरेच सौम्य आहेत.

पहिला म्हणजे बुरशीचा गोळा. चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाच्या एकाच सायनसमध्ये, बहुधा गालाच्या, बुरशीचा लगदा साठून राहतो. तो आजूबाजूच्या मांसात शिरत नाही. दुर्बिणीतून पूर्ण काढला की बहुतेकांना बुरशीविरोधी औषधाचीही गरज पडत नाही. इथे महिनोन्‌महिने गोळ्या देणे म्हणजे विहिरीत पडलेला दगड पाणी उपसून काढायला जाणे.

दुसरा म्हणजे अ‍ॅलर्जीमुळे होणारा बुरशीचा सायनसायटिस. आपल्यासारख्या उष्ण हवेच्या प्रदेशात, तरुण माणसांत हा दिसतो. नाकात मांसाचे घोस वाढतात आणि सायनसमध्ये चिखलासारखा घट्ट स्राव भरतो. इथे शस्त्रक्रिया लागते, पण ती सुरुवात असते. पुढे स्टिरॉइडचा स्प्रे, नाक धुणे आणि नियमित तपासणी सोडली तर तो परत येतो.

तीन बुरशी, तीन वेगळे उपचार. ‘सायनस’ या एका शब्दाने तिघांना झाकले तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

तिसरे कारण: नाकात अडकलेली वस्तू

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी घातलेले आहे, असेच समजून तपासावे. तुरीचा दाणा, मणी, थर्माकोलची गोळी, फोमचा तुकडा. मूल सांगत नाही, कारण मार बसेल अशी भीती असते. वर्षानुवर्षे राहिलेल्या वस्तूभोवती क्षार साठून खडा तयार होतो आणि तोच मोठेपणी ‘जुना सायनस’ म्हणून फिरतो.

यात एकच वस्तू अतिशय धोकादायक आहे: खेळण्यातला किंवा घड्याळातला चपटा सेल. तो काही तासांत नाकाचा पडदा जाळतो. त्यावर थेंब टाकू नका, घरी चिमट्याने ओढू नका, सकाळची वाट बघू नका. लगेच निघा.

चौथे कारण: पाणी, जे सर्दीचे नाही

खाली वाकले की एकाच नाकपुडीतून नळासारखे स्वच्छ पाणी टपकते, घशात खारट लागते, आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचा काहीही उपयोग होत नाही. हे मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. डोक्याला मार लागल्यावर, कधी आधीच्या शस्त्रक्रियेनंतर, तर कधी काहीच न होता कवटीच्या तळाला बारीक छिद्र पडते. धोका पाणी जाण्याचा नसून जंतू आत जाण्याचा आहे. मेंदूज्वर होऊ शकतो. ते पाणी तपासून निदान होते आणि आता बहुतेक छिद्रे नाकातूनच, दुर्बिणीने बुजवता येतात. अपघात झालेल्या माणसाला महिन्याभराने ‘सर्दी’ झाली, तर हे आठवा. जामच्या महामार्गावर अपघात काही कमी होत नाहीत.

पाचवे कारण: गाठ

हे लिहिताना हात जड होतो. माझ्याकडे एक सुतार आला होता. एक नाकपुडी बंद, अधूनमधून रक्तमिश्रित शेंबूड. माझ्याकडे येण्याआधी वर्षभर त्याने सायनसच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. काही चिठ्ठीवर, काही मेडिकलमधून तशाच. त्याला सायनसचा कर्करोग होता. तो डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचला होता. वर्षभर आधी कोणी नाकात दुर्बीण घातली असती तर शस्त्रक्रिया लहान झाली असती, आणि कदाचित तो आज रंधा मारत असता.

लाकडाचा भुसा हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे, आणि त्यात नाकाचा व सायनसचा कर्करोग येतो. किती सुतारांना हे कोणी सांगितले आहे? किती आरागिरणीवाले तोंडाला फडके बांधतात?

सगळ्या गाठी कर्करोगाच्या नसतात. किशोरवयीन मुलांत गालाच्या सायनसमधून निघून मागे घशाकडे लोंबणारा एकच मोठा मांसाचा गोळा असतो, तो काढला की काम झाले. इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची गाठ साधी असते, पण मुळासकट न काढल्यास पुन्हा येते आणि काहींत पुढे कर्करोग होतो. वयात येणाऱ्या मुलाचे एकच नाक बंद आणि वारंवार भरपूर घोळणा फुटणे, ही रक्तवाहिन्यांच्या गाठीची खूण आहे. तिचा तुकडा दवाखान्यात काढायला जाऊ नये, रक्त थांबत नाही. भंडारा-गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडात, तसेच तामिळनाडू आणि केरळात तळ्यात आंघोळ करणाऱ्यांना राइनोस्पोरिडिओसिस होतो. नाकात स्ट्रॉबेरीसारखा, ठिपके असलेला, हात लावताच रक्त येणारा कोंब दिसतो. तोही शस्त्रक्रियेनेच जातो. तिकडे कामाला जाऊन आलेल्या माणसाला हे विचारायला हवे.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

“सायनसचं ऑपरेशन करू नका, परत होते.” हे वाक्य आपल्या गावात डॉक्टरपेक्षा जास्त चालते. त्यात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते इतके टिकले.

जुन्या काळी वरच्या ओठाच्या आतून गालाचे हाड फोडून सायनस साफ करत. अमेरिकेतले कॉल्डवेल यांनी १८९३ साली आणि फ्रान्समधले ल्यूक यांनी १८९७ साली ही पद्धत मांडली. आतले अस्तर खरवडून काढायचे आणि खालच्या बाजूला नवे भोक पाडायचे, असा विचार होता. गाल सुजायचा, बधिर व्हायचा, आणि अनेकांना त्रास परत व्हायचा.

का, ते ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले वॉल्टर मेसेरक्लिंगर यांनी दाखवले. खाली कितीही मोठे भोक पाडा, अस्तरावरचे तंतू स्राव वरच्या मूळ दाराकडेच नेतात! म्हणून मूळ दार उघडा, अस्तर शक्य तेवढे जपा, हा नवा विचार आला. ग्राझचेच स्टॅमबर्गर यांनी तो जगभर शिकवला आणि अमेरिकेतल्या केनेडी यांनी १९८५ साली त्याला फंक्शनल एन्डोस्कोपिक सायनस सर्जरी हे नाव दिले. आपण ज्याला ‘फेस’ किंवा दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणतो ते हेच. बाहेर टाका नाही, चेहऱ्यावर व्रण नाही.

तरीही काहींना त्रास परत होतो. मग शस्त्रक्रिया खोटी का? नाही. बहुतेकदा शस्त्रक्रिया झाली, पण कारण तसेच राहिले. दार मोकळे केले, दाढ सडतीच ठेवली. मांसाचे घोस काढले, पण दम्याचा उपचार आणि स्प्रे महिन्याभरात बंद केला. किंवा सीटीमध्ये पडदा थोडा वाकडा दिसला म्हणून ‘नाकाचे हाड’ सरळ केले, आणि आजार भलतीकडेच होता. बहुतेक माणसांचा पडदा थोडाफार वाकडा असतोच. वाकडे दिसणे आणि तेच कारण असणे, यात फरक आहे.

म्हणून माझे भांडण दोन्ही बाजूंशी आहे. कारण न शोधता सहाव्यांदा अँटिबायोटिक लिहिणाऱ्यांशी, आणि कारण न शोधता ऑपरेशनची तारीख देणाऱ्यांशीही. सायनसच्या एका भिंतीपलीकडे डोळा आहे, वर मेंदू आहे. प्रशिक्षित हातात गंभीर गुंतागुंत क्वचित होते, पण होऊ शकते. अशी शस्त्रक्रिया ‘करून बघू’ म्हणून करायची नसते.

“गावात हे कसे जमणार?”

हा आक्षेप माझे डॉक्टर मित्रच घेतात. ओपीडीत शंभर पेशंट, प्रत्येकाला सीटी काढायला पाठवायचे का? मजुरी बुडवून, भाड्याचे पैसे घालून माणसाने शहरात चकरा मारायच्या का? आक्षेप खरा आहे. मीही याच गर्दीत बसतो आणि घाईत दोन चुकीच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या.

पण मी प्रत्येकाचा सीटी काढा म्हणतच नाही. सर्दीला सीटी लागत नाही. मी एक प्रश्न विचारा म्हणतो: “दोन्ही बाजूंना की एकाच?” त्याला पाच सेकंद लागतात आणि पैसे लागत नाहीत. उत्तर ‘एकाच’ आले तर टॉर्चने दाढा बघा, दाढेवर हलकेच ठोकून बघा, डोळा बघा, टाळू बघा, साखर तपासा. इतके आपल्या गावच्या दवाखान्यात होते. मग ज्यांना खरी गरज आहे ते मोजकेच लोक पुढे पाठवायचे. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला आणि सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथे कान-नाक-घसा आणि सीटी या सोयी आहेत. पाच वेळा फुकट गेलेल्या गोळ्यांचा खर्च मांडा, तो त्या एका फेरीपेक्षा कमी भरणार नाही.

आणि तुमचीही जबाबदारी आहे. मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून “तेच औषध द्या” म्हणू नका. त्याने वास दोन आठवडे दबतो आणि आजार वर्षभर लपतो. सुताराचे वर्ष असेच गेले.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. विचारायला लाजू नका:

१. माझा त्रास एकाच बाजूला आहे, याचे कारण काय असू शकेल?
२. माझ्या वरच्या दाढा तपासल्या का? त्या बाजूला रूट कॅनाल झालेले असेल तर ते आठवणीने सांगा.
३. नाकात दुर्बीण घालून बघायची गरज आहे का?
४. सीटी काढला असेल तर दातांची मुळे त्यात पाहिली का?
५. ऑपरेशन सांगितले असेल तर: नेमके कोणते कारण दूर होणार आहे, आणि नंतर मला काय चालू ठेवावे लागेल?
६. काढलेला भाग तपासणीला पाठवणार ना? एका बाजूच्या आजारात हा आग्रह धराच.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

आणि यातले काही दिसले तर प्रश्नांची यादी बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा: डोळा सुजणे किंवा बाहेर येणे, दोन-दोन दिसणे, दृष्टी कमी होणे, तापासोबत मान ताठ होणे, गुंगी येणे, मधुमेहात गाल बधिर किंवा टाळू काळी पडणे.

तो शेतकरी आता वर्षातून एकदा येतो. नाकासाठी नाही, साखरेच्या तपासणीसाठी. मागच्या खेपेला बायकोला घेऊन आला होता. तिचे डोके दुखत होते. मी पेन उचलण्याआधीच तो म्हणाला, “आधी इचारा जी, एकाच बाजूनं की दोन्ही.”

माझ्या टेबलावर आता तोच प्रश्न चिकटवलेला आहे. तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर नसेल, तर तुम्ही तो बरोबर घेऊन जा.